खोडायचे नाही, नवे लिहायचे : मंगळवेढ्याचे दप्तर आणि संगणकाचा स्नॅपशॉट

१/ मंगळवेढा म्हटले की दामाजीपंतांचे धान्यकोठार, चोखोबांचा अंत आणि कान्होपात्रेची कथा आठवते. आजच्या धाग्यात या गावाच्या दप्तराकडे पाहायचे आहे. नोंद बदलताना जुन्या नोंदीचे काय करावे, हा प्रश्न कारकुनांना शतकानुशतके पडत आला. गेल्या पन्नास वर्षांत तोच प्रश्न संगणकशास्त्रज्ञांपुढेही उभा राहिला. दोघांनी शोधलेली उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी जवळची आहेत.

२/ परंपरा सांगते की महात्मा बसवेश्वर कल्याणला जाण्यापूर्वी मंगळवेढ्यात कलचुरी बिज्जलाच्या पदरी करणिक होते. करणिक म्हणजे हिशेब लिहिणारा. ही बाराव्या शतकातली गोष्ट. पुढे बहामनी आले, आदिलशाही आली. १६६५ च्या अखेरीस मिर्झाराजे जयसिंहाच्या विजापूर मोहिमेत शिवरायांच्या फौजेने मंगळवेढ्याचा किल्ला घेतला. नंतर पटवर्धनांचा अंमल बसला. जमीन तीच, काळी आणि ज्वारीची. तिच्यावरचे हिशेब मात्र दर राजवटीत नव्याने लिहिले गेले.

३/ लिहिण्याच्या मुळात दोन रीती. पहिली धूळपाटीची. बोटाने आकडा काढायचा, तो पुसायचा आणि त्याच जागी पुढचा लिहायचा. जागा थोडी लागते, काम झटपट होते. पण शेवटी हाती फक्त उत्तर उरते. वाटेत कुठे चूक झाली, हे शोधायला काही शिल्लक नसते. इसवी सन ९५२ च्या सुमारास दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी याने भारतीय अंकगणितावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने धूळपाटीच्या रीती कागद-शाईसाठी अशा बदलल्या की काहीच पुसावे लागू नये. ही दुसरी रीत.

४/ पहिल्या रीतीने इतिहासाचे किती नुकसान होते, हे पुराभिलेखांच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. जुना ताम्रपट ठोकून सपाट करायचा आणि त्यावर नवे दानपत्र कोरायचे, अशी उदाहरणे सापडली आहेत. खालच्या अक्षरांच्या पुसट रेषा कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. नव्या दानाची नोंद झाली, जुने दान मात्र स्मृतीतून गेले. तांबे वाचवण्यासाठी दिलेली ही किंमत होती.

५/ मराठी हिशेबनिसांनी मधला मार्ग काढला. व्यवहार घडला की तो आधी रोजकीर्दीत तारखेच्या क्रमाने लिहायचा. मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. खतावणी चढवताना दिवा विझला, कारकून उठून गेला, तरी रोजकीर्द उघडून अर्धे राहिलेले काम पुरे करता येते. ही रोजकीर्द लक्षात ठेवा. संगणकात ती पुन्हा भेटणार आहे.

६/ जमिनीच्या दप्तरात मात्र दुसरी रीत पूर्णपणे रुजली. १८३५ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी सुरू केली, १८४७ मध्ये तिचे नियम संयुक्त अहवालात बांधले गेले आणि १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली. आजचा कारभार चालतो तो महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे. (मंगळवेढा ब्रिटिश काळात इलाख्यात नव्हता, संस्थानात होता. त्याची गोष्ट पुढे येईल.)

७/ आजची पद्धत पाहा. शेत विकले किंवा वारसा लागला, तर थेट सातबाऱ्यावर कुणी नाव खोडत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नव्या अनुक्रमांकाने नोंद पडते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत मिळते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच सातबारा बदलतो. तेव्हाही जुन्या नावाला कंस होतो आणि नव्या नावाजवळ फेरफार क्रमांक येतो.

८/ कंसातले नाव वाचता येते, ही या पद्धतीची खरी ताकद. क्रमांक धरून मागे मागे जा : मुलाचा फेरफार, बापाचा फेरफार, आजोबांची खरेदी. आणखी एक गुण आहे. नोंद प्रमाणित होईपर्यंत जुना सातबारा जसाच्या तसा लागू असतो. त्यामुळे ‘जुने नाव खोडले, नवे लिहायचे राहिले’ अशी बेवारस अवस्था एका क्षणासाठीही येत नाही.

९/ आता संगणकाकडे वळू. डिस्क म्हणजे लाखो-कोट्यवधी ठोकळ्यांची मांडणी. कोणत्या फाइलचे कोणते ठोकळे, ही नोंद ठेवणारे दप्तर म्हणजे फाइल सिस्टिम. जुन्या फाइल सिस्टिम धूळपाटीप्रमाणे चालत : बदल आला की त्याच ठोकळ्यावर नवा मजकूर. एक फाइल वाढवायची तर तीन-चार ठिकाणी नोंदी बदलाव्या लागत. दुसऱ्या नोंदीनंतर वीज गेली की दप्तर अर्धे जुने, अर्धे नवे. मग सगळी डिस्क तपासत बसायचे.

१०/ यावरचा पहिला प्रचलित उपाय म्हणजे आपली रोजकीर्द. तिला तिथे जर्नल म्हणतात. काय बदलायचे ते आधी जर्नलमध्ये, मग मूळ जागी. लिनक्समध्ये २००१ साली आलेली एक्स्ट-३ ही फाइल सिस्टिम अशीच. वीज गेली तरी जर्नल पाहून दप्तर सावरता येते. पण मूळ जागी जुने पुसलेच जाते. काल या फाइलमध्ये काय होते, याला तिच्याजवळ उत्तर नाही.

११/ दुसरा उपाय फेरफाराच्या जातीचा. त्याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. तो समजण्यासाठी एक गाव कल्पू. गावात ३०० गट, प्रत्येकाचे एक पान. तीस-तीस पानांमागे एक पोट-अनुक्रमणिका, अशा दहा. त्यांच्यावर एक मुख्य अनुक्रमणिका. चावडीच्या भिंतीवर एकच ओळ : ‘चालू मुख्य अनुक्रमणिका अमुक फडताळात.’ गटाचे पान शोधायचे तर भिंत, मुख्य, पोट आणि पान, अशी वाट.

१२/ गट १२७ बदलला. नियम असा की लिहिलेल्या पानाला हात लावायचा नाही. म्हणून १२७ चे नवे पान कोऱ्या कागदावर लिहिले. पाचव्या पोट-अनुक्रमणिकेला ते माहीत हवे, म्हणून तीही नवी. तिच्यामुळे मुख्य अनुक्रमणिका नवी. एकूण तीन कागद. बाकीची २९९ पाने आणि नऊ पोट-अनुक्रमणिका जुन्याच. नवी मुख्य अनुक्रमणिका त्यांच्याकडेच बोट दाखवते. शेवटी भिंतीवरची ओळ बदलली.

१३/ ती एक ओळ बदलण्यापूर्वी दिवा विझला तर सगळे दप्तर जुने, पण पूर्ण आणि सुसंगत. बदलल्यावर विझला तर सगळे नवे, तेही पूर्ण. अर्धवट अवस्था उरत नाही. संगणकात या भिंतीच्या ओळीचे काम सुपरब्लॉक करतो. अनेक बदल एकत्र गोळा करून तो ठरावीक अंतराने पुढे सरकतो. बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये हे अंतर एरवी ३० सेकंदांचे असते.

१४/ आता जुन्या मुख्य अनुक्रमणिकेचे काय करायचे? फेकली, तर १२७ च्या जुन्या पानाकडे कुणाचेच बोट राहत नाही. तो कागद कोरा म्हणून पुन्हा वापरात येतो. पण तिला नाव देऊन जपली, उदाहरणार्थ ‘गुढीपाडव्याचे दप्तर’, तर तिच्या वाटेने त्या दिवशीचे सगळे गाव जसेच्या तसे दिसते. हाच स्नॅपशॉट. ३०० पानांची नक्कल कुणी केली नाही. फक्त एक जुनी अनुक्रमणिका टाकून दिली नाही.

१५/ म्हणूनच कित्येक टेराबाइटांचा स्नॅपशॉट क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागा घेत नाही. जागा लागते ती पुढे, जसजसे चालू दप्तर बदलत जाते आणि जुनी पाने अडकून राहतात तसतशी. प्रत्येक ठोकळ्याकडे किती बोटे आहेत, याची मोजणी ठेवली जाते. शेवटचे बोट गेले की ठोकळा मोकळा. गुढीपाडव्याचे दप्तर वाचनापुरते ठेवता येते, किंवा त्यावर पुढे लिहून वेगळी शाखाही काढता येते.

१६/ या कल्पनेचा इतिहास सरळ नाही. १९७७ मध्ये आयबीएमच्या रेमंड लोरी यांनी डेटाबेससाठी ‘छाया पाना’ची रीत मांडली : बदललेले पान नव्या जागी, जुने छायेसारखे मागे. ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पात ती वापरली गेली. पण मोठ्या डेटाबेसला ती महाग पडते, रोजकीर्दच बरी, असा निष्कर्ष त्याच प्रकल्पातल्या मंडळींनी पुढे काढला. कल्पना काही काळ मागे पडली.

१७/ १९९४ मध्ये डेव्ह हिट्झ, जेम्स लाउ आणि मायकल माल्कम यांनी नेटअॅप कंपनीच्या वॅफल या फाइल सिस्टिमवर निबंध सादर केला. तिच्यात एका वेळी २० पर्यंत स्नॅपशॉट ठेवता येत. चुकून पुसलेली फाइल वापरणाऱ्याला स्वतःच जुन्या स्नॅपशॉटमधून उचलता येई. व्यवस्थापकाच्या दारात उभे राहावे लागत नसे. मग २००१ पासून सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी झेडएफएस घडवली. २००५ मध्ये ती सोलॅरिसमध्ये दाखल झाली.

१८/ एक अडचण उरली होती. दप्तर शोधण्यासाठी सर्वांत सोयीची रचना म्हणजे बी-ट्री. तिच्या रूढ प्रकारात शेवटची पाने एकमेकांना साखळीने जोडलेली असतात. प्रत्येक पानावर ‘पुढचे पान अमुक जागी’ असे लिहिलेले. एक पान नव्या जागी गेले की शेजारच्यावरची सूचना चुकते, तेही नव्याने लिहावे लागते, मग त्याच्या शेजारचे... एका गटासाठी सगळे गाव पुन्हा लिहायची पाळी!

१९/ आयबीएमच्या हैफा येथील प्रयोगशाळेत ओहाद रोदे यांनी ही साखळीच काढून टाकली आणि बोटांची मोजणी गरजेपुरतीच करण्याची युक्ती बसवली. २००७ मध्ये त्यांनी हे काम मांडले. ते पाहून ओरॅकलमधील ख्रिस मेसन यांनी त्याच वर्षी बीटीआरएफएसचे काम हाती घेतले. मार्च २००९ च्या लिनक्स २.६.२९ मध्ये ती समाविष्ट झाली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये फेडोरा ३३ ने डेस्कटॉपसाठी तीच मूळ निवड केली.

२०/ बीटीआरएफएसमध्ये दुसरी एक संकल्पना आहे : सबव्हॉल्यूम. ती समजायला मंगळवेढ्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. सांगली संस्थान सलग नव्हते. मिरज प्रांत, कुची, तेरदाळ, शिरहट्टी, बेळगावला खेटून असलेले शहापूर आणि दूर पंढरपूरच्या शेजारी मंगळवेढा, असे त्याचे तुकडे विखुरलेले. मंगळवेढ्याचा शेतकरी वाटेने चालत ब्रिटिश सोलापूर जिल्ह्यात सहज जाई. पण त्याच्या शेताची नोंद ज्या मुळाशी पोहोचे, ते मूळ सांगलीत होते.

२१/ सबव्हॉल्यूम असाच. बाहेरून तो साध्या फोल्डरसारखा दिसतो, त्यातून सहज आत-बाहेर जाता येते. पण त्याला स्वतःची मुख्य अनुक्रमणिका असते, फाइलींचे स्वतःचे क्रमांक असतात. डिस्कवरची मोकळी जागा मात्र सर्व सबव्हॉल्यूमना सामाईक. आधीपासून भिंती घालून वाटे पाडावे लागत नाहीत. (संस्थानांची जमीन अशी सामाईक नव्हती, उपमा एवढ्यापुरती तोकडी पडते.) आणि स्नॅपशॉट हाही एक सबव्हॉल्यूमच, फक्त जन्मतः दुसऱ्याशी सगळी पाने वाटून घेतलेला.

२२/ इथे नवशिक्यांना चकवणारा नियम येतो. स्नॅपशॉट सबव्हॉल्यूमच्या सीमेवर थांबतो. आत दुसरा सबव्हॉल्यूम असेल तर त्याच्या जागी रिकामे फोल्डर दिसते. १८८४ चे सोलापूर गॅझेटियर उघडा : करमाळा, बार्शी, माढा, सोलापूर, पंढरपूर, सांगोला, माळशिरस असे सात तालुके मिळतील. मंगळवेढा त्यांत नाही. गाव नाहीसे झाले नव्हते. ते वेगळ्या मुळाखाली होते. त्याचा एकोणिसाव्या शतकातील महसूल शोधणाऱ्याने सांगली संस्थानाच्या कागदांकडे वळायला हवे.

२३/ ८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान विलीन झाले आणि पुढे मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात आला. शेते जागची हलली नाहीत, नोंदीचे मूळ बदलले. संगणकात ही सीमा आपण मुद्दाम आखतो. फेडोरात प्रणालीचा एक सबव्हॉल्यूम आणि घरच्या फाइलींचा दुसरा. अद्ययावत करताना प्रणाली बिघडली तर तिला कालच्या स्नॅपशॉटवर परत नेता येते. आज दिवसभर लिहिलेला लेख त्या सीमेपलीकडे असल्यामुळे सुरक्षित राहतो.

२४/ या रीतीची किंमतही आहे. डिस्क भरली म्हणून मोठी फाइल पुसली, तरी जागा सुटत नाही. जुन्या स्नॅपशॉटचे बोट तिच्यावर असते. सतत थोडी थोडी बदलणारी मोठी फाइल, जसे डेटाबेस, दर बदलाला नव्या जागी लिहिली जाते आणि तिचे तुकडे डिस्कभर पसरून वेग मंदावतो. अशा फाइलींसाठी ही रीत बंद ठेवण्याची सोय आहे. जुने जपणे फुकट नसते. काय किती दिवस जपायचे, हे ठरवावे लागते.

२५/ सर्वांत महत्त्वाची मर्यादा वेगळीच. स्नॅपशॉट आणि चालू दप्तर यांची बहुतेक पाने एकच असतात. चुकून पुसले, चुकीचे बदलले, तर स्नॅपशॉट तारतो. पण चावडीलाच आग लागली, तर चालू दप्तर आणि गुढीपाडव्याचे दप्तर एकत्रच जळते. न खोडणे ही एक हमी. दुसऱ्या गावी प्रत असणे ही वेगळी हमी. स्नॅपशॉट पहिली हमी देतो, दुसरी देत नाही.

२६/ आपल्यापैकी अनेकजण मोडी कागद, वीरगळ, शिलालेख यांची छायाचित्रे गोळा करतात. एकाच डिस्कवर सगळे ठेवून फाइलींची नावे बदलत बसणे म्हणजे धूळपाटीच. त्याऐवजी मूळ छायाचित्रांना एक सबव्हॉल्यूम, लिप्यंतरांना दुसरा, मसुद्यांना तिसरा. प्रत्येक फेरीनंतर वाचनापुरता स्नॅपशॉट. मग तो दुसऱ्या डिस्कवर पाठवायचा. पहिल्या वेळी सगळे जाते. नंतर दोन स्नॅपशॉटमधला फरक तेवढा जातो. ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवायची.

२७/ शेवटी पुन्हा मंगळवेढा. १३३८ च्या सुमारास इथे गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा ढिगाऱ्याखाली गेले, असे परंपरा सांगते. त्यांच्यासोबत दबलेल्या मजुरांची नावे त्या परंपरेने सांगितलेली नाहीत. चोखोबांचे अभंग उरले, कारण भिंत पडण्याआधीच ते वारीच्या वाटेने अनेक कंठांत आणि पुढे अनेक वह्यांत पोहोचले होते. स्नॅपशॉट लिहिलेलेच जपतो. जे कुणी लिहूनच घेतले नाही, ते आधी लिहावे लागते. ते काम कोणतीही फाइल सिस्टिम आपल्यासाठी करणार नाही.

धागा समाप्त. आपल्या गावचा जुना फेरफार किंवा संस्थानी काळातील सातबाऱ्यासारखा कागद कुणी वाचला असेल, तर त्यात काय सापडले ते खाली जरूर लिहा.

#मंगळवेढा #इतिहास #दप्तर